धोट्याला लावलेलं तोंड

साळवेमामा एखाद्या मागापाशी उभे राहिले आणि त्यांनी मान तिरकी केली, की आम्ही हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघायचो. मान तिरकी म्हणजे कान लागला, आणि कान लागला म्हणजे त्या मागाचं काही खरं नाही. "बारा नंबरचा पिकर डब्याच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही," असं ते नुसतं सांगून ठेवायचे. पिकर म्हणजे धोट्याला टोला देणारा चामड्याचा ठोकळा. आम्ही डबे सोडायच्या आत बारा नंबर ठाणकन थांबलेला असायचा, आणि मामा नवा पिकर हातात घेऊनच उभे. त्यांना आधी कळायचं, याचा खरं तर आम्हाला आधार वाटायला हवा होता. पण वाटायची ती भीतीच.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आमचा गाळा होता. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. एका अंगाला जीन्स शिवणारे, दुसऱ्या अंगाला पापडवाले, आणि मध्ये आम्ही. वर पत्रा, खाली सोळा माग, आणि कोपऱ्यात गोणपाटाच्या पडद्याआड माझं कांड्या भरायचं मशीन. कोनावरचं, म्हणजे मोठ्या रिळावरचं, सूत वीतभर लांब कांडीवर गुंडाळायचं, एवढंच माझं काम. ती कांडी धोट्याच्या पोटात बसते आणि धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावत सुटतो. मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचे, तिथून रोज यायचे. गाळ्यात बाईमाणूस मी एकटी. मला बोलायची हौस दांडगी, आणि सोळा माग एकदम चालले की शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही, अशी माझी पंचाईत होती. आम्ही सगळे एकमेकांच्या ओठांवरून शब्द ओळखायचो. साळवेमामा मात्र त्या गोंगाटात ऐकायचे.

मामा जॉबर होते. मागांची दुरुस्ती, मागांची नाडी, सगळं त्यांच्याकडे. अंबरनाथला फॅक्टरीच्या लांब भिंतीमागच्या वस्तीत राहायचे. सकाळी सातच्या ठोक्याला दारात हजर, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तो शर्ट काढून ठरलेल्या खिळ्यावर अडकवायचे आणि खाकी चढवायचे. त्या खिळ्यावर दुसऱ्या कुणी काही अडकवलेलं चालायचं नाही. मी एकदा माझी पिशवी लावली तर त्यांनी ती दोन बोटांनी उचलून माझ्या मशीनवर आणून ठेवली. मला असा राग आला होता की दिवसभर मी त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांच्या खिशात कायम लाल चिंध्या असायच्या. जो माग चालवायचा नाही, त्याच्या मुठीला, म्हणजे माग चालू करायच्या दांड्याला, मामा लाल चिंधी बांधायचे. ती मामांनीच बांधायची आणि मामांनीच सोडायची. एकदा माल घाईत जायचा होता आणि नऊ नंबरला चिंधी. आमचे शेठ सिंधी, माणूस तसा मनानं चांगला, पण धीर नावाची चीज त्यांच्याकडे नव्हती. "साळवे, साईं, आज तो चलने दे," म्हणून मागे लागले. मामा म्हणाले, "शेठ, धोटा बाहेर येणार." शेठनं स्वतःच चिंधी सोडली आणि मूठ ओढली. दहाएक टोले नीट गेले असतील. मग धोटा सुटला. हातभर लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. तो शेठच्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधून प्लास्टरात रुतला. शेठ खाली बसले ते पाणी पाजेपर्यंत उठले नाहीत. मामांनी भिंतीतून धोटा काढला, चिंधी पुन्हा बांधली आणि म्हणाले, "माग खोटं बोलत नाही, शेठ." त्यानंतर गाळ्यात कुणीही त्या चिंधीला हात लावला नाही.

या माणसाला आयुष्यात हवं होतं ते एकच. त्यांचा मुलगा मिलिंद आमच्याच गाळ्यात दिवसपाळीला तेरा ते सोळा नंबरचे चार माग चालवायचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला, हसरा, तोंडानं शिट्टी वाजवत फिरणारा. त्या शिट्टीचा आवाज कुणाला ऐकू येत नसे, नुसते ओठ दिसत. मिलिंदनं धोट्याला तोंड लावू नये, एवढंच साळवेमामांचं मागणं होतं.

हे तोंड लावणं काय, ते सांगायला हवं. कांडी पाच-सहा मिनिटांत संपते. नवी कांडी धोट्यात बसवली की तिच्या सुताचं टोक धोट्याच्या कुशीत असतं, त्या चिनी मातीच्या बारीक भोकातून ते बाहेर काढावं लागतं. सगळे विणकर काय करायचे, तर भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचे. सूत पटकन तोंडात. त्याबरोबर थोडी कापसाची धूळ, थोडी खळ. थुंकायचं, धोटा मागाच्या पेटीत टाकायचा, मूठ ओढायची. एका माणसाकडे चार माग, म्हणजे दिवसातून शेकडो वेळा. आणि धोटे काही कुणाच्या मालकीचे नसतात. संध्याकाळी सातला दिवसपाळीवाला गेला की दुसरा येतो, आणि त्याच धोट्याला ओठ लावतो.

मामांनी यावर एक तार काढली होती. मोडक्या छत्र्यांच्या काड्या गोळा करायच्या, कानसीनं टोकाला बारीक आकडा काढायचा, दुसऱ्या टोकाला सूत गुंडाळून मूठ करायची. भोकातून तार आत घालायची, सूत अडकवायचं, ओढायचं. आठही विणकरांना त्यांनी एकेक तार करून दिली होती, गळ्यात अडकवायला दोरीसकट. आठही तारा खिळ्यांवर लटकत असायच्या. रामसुरत नावाचा विणकर होता, जौनपूरकडचा, मिलिंदच्याच चार मागांवर दुसऱ्या पाळीला. तो म्हणायचा, "चाचा, तार ढूँढने में कांडी खतम हो जाती है." ते काही अगदी खोटं नव्हतं. तोंडानं एक क्षण लागतो, तारेला चार. चार माग सांभाळणाऱ्याला ते परवडत नाही.

पण मिलिंदचं कारण वेगळं होतं. ते त्याला मामांनीच दिलं होतं.

मामांची एक गोष्ट होती. चहाच्या वेळी, पट्टा तुटून सगळे माग थांबले की, नवा माणूस आला की, ती व्हायचीच. मामांचे वडील मुंबईला गिरणीत होते, सूत कातणाऱ्या रिंगखात्यात. बावीस वर्षं. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग असतात तिथे, त्यांना पाऊल टाकता आलं नाही. का, तर साचेवाल्यांना धोट्याला तोंड लावावं लागतं, आणि साळव्यांनी तोंड लावलेल्या धोट्याला बाकीचे तोंड कसं लावणार? काम तेच येतं, हात तेच चालतात, पण जात ओठांना चिकटलेली. वडील सुट्टीत साचेखात्याच्या खिडकीशी उभे राहून माग बघायचे. पुढे छपन्न साली सगळी वस्ती बौद्ध झाली, त्यांनी पोराला शिकवलं, आणि तो पोरगा, म्हणजे आपले साळवेमामा, बऱ्याच भांडणानंतर साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागला.

"पहिल्या दिवशी," मामा सांगायचे, "मी चारी धोट्यांना तोंड लावलं. पाळी सुटली. माझ्यानंतरचा माणूस आला, त्यानं धोटे उचलले आणि रॉकेलनं पुसून काढले. माझ्यासमोर. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून नवे धोटे मागितले. असे सात दिवस. आठव्या दिवशी स्टोअरवाला बोलला, आता धोटे नाहीत. तो उभा राहिला. माग बंद. मुकादम ओरडतोय. मी पण गेलो नाही घरी, बघत उभा राहिलो." इथे मामा चहाचा शेवटचा घोट घ्यायचे. "मग त्यानं लावलं तोंड. मी धावत घरी गेलो आणि बापाला एवढंच बोललो, लावलं त्यानं तोंड. बाप भिंतीकडं तोंड करून रडला."

ही गोष्ट ऐकताना मी कांड्या मोजल्याचं सोंग करायचे. माझे सासरे त्याच काळात परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. त्यांनी कधी धोटा रॉकेलनं पुसला असेल का, ते मला माहीत नाही. पण घरी ते ज्या प्रकारे बोलायचे, त्यावरून पुसला नसेल असं मी म्हणू शकत नाही. मामांनी मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आज त्याची लाज वाटते, सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं असंही वाटतं.

मिलिंद ही गोष्ट ऐकत लहानाचा मोठा झाला होता. त्याला ती मामांपेक्षा चांगली सांगता यायची. आणि मामा तार घेऊन त्याच्यापुढे गेले की तो हसून म्हणायचा, "बाबा, आजोबांना खिडकीतून बघायला लागलं, आणि मला तुम्ही तार देता? मी लावणार तोंड." आणि त्यांच्या डोळ्यादेखत धोटा ओठांना लावायचा. मामा तार परत खिळ्यावर अडकवायचे.

एके दिवशी मामा माझ्या पडद्याआड आले. "सुमनबाई, रामसुरत किती दिवस खोकतोय?"

म्हटलं, "मामा, इथं खोकत नाही कोण? धूळ आहे ती."

"ही धुळीची नाही. धुळीचा खोकला कोरडा वाजतो." त्यांनी मान तिरकी केली. मला सोळा मागांचा खडखडाट सोडून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. दुसरी पाळी सुरू व्हायच्या वेळेला तेवढा रामसुरत दिसायचा, आणि त्या दहा मिनिटांत त्यांनी हे ऐकलं होतं. त्यांनी त्याला दवाखान्यात जा म्हणून सांगितलं. तो हसला, "गाँव की हवा लगेगी तो ठीक हो जाएगा." त्यानं धोटा उचलला, ओठांना लावला, सूत ओढलं. तो धोटा दोनच मिनिटांपूर्वी मिलिंदनं खाली ठेवला होता, आणि सकाळी तो पुन्हा मिलिंदच्याच हातात येणार होता.

दुसऱ्या दिवशी मामा मला म्हणाले, "उद्या घरून मिरच्या वाटून आणा. लवंगी. वाटीभर." मला वाटलं म्हाताऱ्याला डब्यात झणझणीत काहीतरी हवंय. मी मोठ्या हौसेनं पाट्यावर वाटून नेल्या, हात दिवसभर आग आग करत होते. तो ठेचा त्यांनी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्या धोट्यांच्या भोकांना चोपडला. पहिली कांडी संपली मिलिंदची. मग एकेक करून सगळ्यांची. दहा मिनिटांत गाळ्यातले सगळे माग बंद आणि चारी गडी माठापाशी जिभा बाहेर काढून उभे. नेमके तेव्हाच शेठ आले. "हड़ताल है क्या?" त्यांनी घाबरून विचारलं. कुणालाच बोलता येत नव्हतं. मी हसून हसून मशीनवर डोकं टेकलं. मामा हसत नव्हते. ते मिलिंदकडे बघत होते, आणि मिलिंद सुजलेल्या ओठांनी धोटा पाण्यानं खळखळून धूत होता. धुऊन झाल्यावर त्यानं तो पुन्हा तोंडाला लावला. माझ्याशी तो दोन दिवस बोलला नाही. "मावशी, तुम्ही पण?" एवढंच म्हणाला.

रामसुरत महिन्याभरात गावी गेला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्याचा भाऊ त्याची पत्र्याची पेटी न्यायला आला. शेठनं विचारलं, "कैसा है वो?" भाऊ पेटीची कडी बघत म्हणाला, "भैया नहीं रहे." माग चालूच होते. आम्ही ते त्याच्या ओठांवरून वाचलं.

त्या दुपारी मामांनी डबा उघडला नाही. माझ्या मशीनपाशी एका रिकाम्या खोक्यावर बसले आणि हातातली तार फिरवत म्हणाले, "ती गोष्ट मी अर्धीच सांगतो, सुमनबाई."

"कुठली?"

"धोट्याची. लावलं त्यानं तोंड, तिथं संपत नाही ती. पुढं सहा वर्षांनी मला टीबी झाला. आमच्या रांगेतले पाचजण होतो, एकाच दवाखान्यात. माझ्या बाजूच्या खाटेवर कोण होतं? तोच. रॉकेलवाला." मामांनी तार गुडघ्यावर ठेवली. "चार महिने शेजारी होतो. शेवटी शेवटी मी त्याला पाणी पाजायचो. माझ्या हातचं प्यायचा. एकदा बोलला, साळव्या, तेव्हा धोटा पुसत राहिलो असतो तर वाचलो असतो. हसत बोलला, पण बोलला. मग तो गेला आणि मी बरा झालो."

मी विचारलं, "मिलिंदला हे माहीत नाही?"

"कसं सांगणार? बापानं खिडकीत उभं राहून बावीस वर्षं काढली. ते तोंड लावणं म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट. तिच्यात ही भानगड कुठं घालू? उद्या कोणी म्हणायला मोकळं, बघा, पुसत होता तेच बरोबर होतं." त्यांचा आवाज चढला होता. "बरोबर नव्हता तो. रोग माझा नव्हता, रोग सगळ्यांचाच होता. पण पोराला हे दोन्ही कसं सांगायचं, मला जमलं नाही."

"आज सांगा," मी म्हटलं. मला एरवी कुणाच्या घरात नाक खुपसायची सवय आहे, पण त्या दिवशी मी ते मनापासून म्हटलं.

त्यांनी सांगितलं. पाळी सुटल्यावर, दारात. मी चप्पल घालत होते, सगळं ऐकलं. मिलिंदनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तारेसाठी तुम्ही आता गोष्ट पण बदलायला लागलात?" रागावून नाही, खूप दुखावून म्हणाला. "ती गोष्ट मी माझ्या लग्नात सांगितली होती." आणि सायकल काढून निघून गेला. मामा खिळ्यावरचा पांढरा शर्ट काढायला परत आत आले, आणि बटणं एक घर चुकवून लावून बाहेर पडले.

मग ती सकाळ आली. मी कांड्यांची टोपली घेऊन मागांच्या रांगेतून जात होते. चौदा नंबरपाशी मामा उभे होते आणि त्यांची मान तिरकी होती. मी जवळ जाऊन त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "काय जाणार? पिकर?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग पट्टा?"

ते मागाकडे बघतच नव्हते. पलीकडे मिलिंद पाठमोरा उभा होता, एक हात मागाच्या पट्टीवर टेकवून, आणि त्याचे खांदे हलत होते. टोपली माझ्या हातात होती म्हणून, नाहीतर मी तिथेच मामांचा हात धरला असता.

मिलिंदला टीबीची औषधं सुरू झाली. डॉक्टरांना मामांनी विचारलं, धोट्यातूनच आला ना? डॉक्टर म्हणाले, कोंदट जागा, दाटीवाटी, कुठूनही येतो, सांगता येत नाही. मामांना मात्र शंका नव्हती. गोळ्या सरकारी दवाखान्यात समोर उभं राहून घ्यायच्या असत, आणि त्या सहा महिने न चुकता घ्यायच्या असत. दोन महिन्यांत मिलिंदचा खोकला थांबला, गालावर मांस आलं, शिट्टी परत आली. तो कामावर रुजू झाला. दवाखान्याची वेळ आणि पाळीची वेळ एकच. आज राहू दे, उद्या जातो, असं करता करता गोळ्या सुटल्या. मामांना तो सांगायचा, घेतल्या. मामा कागद मागायचे तेव्हा म्हणायचा, "बाबा, मी काय लहान आहे?" पण आता तो मामांसमोर तार वापरत होता. बापासाठी म्हणून गळ्यात घालायचा, आणि मामांची पाठ वळली की तोंडानं सूत ओढायचा. मी दोनदा बघितलं. मी मामांना सांगितलं नाही. तो नुकताच हसायला लागला होता आणि मला ते मोडवेना. हे माझं पाप मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितेय.

पावसाळा संपता संपता मामांची मान पुन्हा तिरकी झाली. या वेळी मी विचारायला गेले नाही. पडद्याआडून बघितलं आणि मशीन चालू ठेवलं.

दुसऱ्या खेपेला गोळ्या लागू पडल्या नाहीत. शेवटपर्यंत मिलिंद कामावर यायचा, उभं राहवेना तेव्हा खोक्यावर बसून माग बघायचा. एका दुपारी त्यानं पंधरा नंबर बंद केला, रिकाम्या कांडीसकट धोटा पट्टीवर ठेवला, "मावशी, येतो," म्हणाला आणि न्यायला आलेल्या मामांच्या सूनबाईच्या आधारानं रिक्षात बसला. त्यानंतर तीन आठवड्यांनी गेला. आम्ही सगळे अंबरनाथला गेलो होतो. मामा आल्यागेल्याला बसायला सांगत होते, पाणी देत होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मिलिंदच्या लग्नातला फोटो. आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "नऊ नंबर चालतोय ना नीट?" मला रडू आवरलं नाही.

गाळ्यात मिलिंदचे चार माग बंदच होते. शेठनं दोन नवीन माणसं आणली, दोघंही मिलिंदचं ऐकून परत गेली. जुन्यांपैकी कुणी त्या धोट्यांना हात लावायला तयार होईना. आणि खिळ्यांवरच्या तारा नाहीशा झाल्या होत्या, त्या आता सगळ्या विणकरांच्या गळ्यांत होत्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. मिलिंद गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकजण न बोलता तारेनं सूत ओढत होता. उत्पादन घटलं, शेठनं तेही मुकाट्यानं सोसलं.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीचा बौद्ध रीतीचा कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांनी मामा आले. सातच्या ठोक्याला. पांढरा शर्ट खिळ्यावर लावला, पण खाकी चढवली नाही, बनियनवरच मागांच्या रांगेतून चालत गेले. प्रत्येकाच्या गळ्यातली तार त्यांना दिसली. एकानं तर त्यांना दाखवायला म्हणून तारेनं सूत ओढलं, झटक्यात, सराईतपणे. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले.

पंधरा नंबरच्या पट्टीवर धोटा तसाच होता. वर धुळीचा थर. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठांनी विचारलं, "कोणी लावलं नाही तोंड?"

मी मान हलवली. नाही लावलं.

"बरं केलं," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या टोपलीतून एक भरलेली कांडी घेतली. धोट्यातली रिकामी कांडी काढून खिशात टाकली, नवी बसवली. त्यांच्या गळ्यात तार होती. मला वाटलं आता ते तार काढतील. त्यांनी धोटा दोन्ही हातांत धरून वर उचलला, त्या भोकावरची धूळसुद्धा पुसली नाही, आणि तिथे ओठ लावले. ज्या ठिकाणी शेवटचं तोंड मिलिंदचं लागलं होतं, तिथे. पलीकडचे माग एकामागून एक थांबले. गाळ्यात दिवसपाळीला इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मामांनी डोळे मिटले होते. सूत ओढायला एक श्वास लागतो. ते बराच वेळ तसेच उभे होते.

नंतर त्यांनी धोटा पेटीत टाकला आणि मूठ ओढली. पंधरा नंबर एकटा चालू झाला. मामा मान तिरकी करून ऐकत राहिले, पाच मिनिटं, सहा मिनिटं, अख्खी कांडी संपेपर्यंत. आमच्यातलं कुणी हललं नाही. कांडी संपली, माग आपोआप थांबला. मामांनी खिशातून लाल चिंधी काढली आणि मुठीला बांधली. खिळ्यावरचा शर्ट अंगात चढवला, आणि गळ्याचं बटण लावत लावत ते दारातून बाहेर गेले.